गुळवेल ज्यूस, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा... आई सगळं एकत्र घेतेय, चालेल का?

सई_चिंचवड

नमस्कार मंडळी, जरा सविस्तरच लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

आई 63 वर्षांची, सांगलीला असते, ती आणि बाबा दोघंच. तिला शुगर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, थायरॉईडची गोळी तर मी शाळेत होते तेव्हापासून, आणि बीपी थोडं वर असतं म्हणून त्याची एक गोळी. कोरोनाच्या काळात कॉलनीत सगळ्यांनीच गुळवेल घ्यायला सुरुवात केली, बाकीच्यांची केव्हाच सुटली पण आईची काही सुटली नाही. आधी वेल आणून काढा करायची, आता बाटलीतला ज्यूस, सकाळी थायरॉईडची गोळी घेतली की लगेच त्याच्यावर अर्धा कप. गुडघे दुखतात म्हणून हळदीच्या कॅप्सूल, डबीवर 95 टक्के कर्क्युमिन आणि पायपरीन असं लिहिलंय. झोप लागत नाही म्हणून शेजारच्या वहिनींनी अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट आणून दिलंय. घसा धरला की ज्येष्ठमध, तोही आता रोजचाच झालाय. रात्री इसबगोल.

आणि हे सगळं तिच्या डॉक्टरांना माहीतच नाही! मी विचारलं तर म्हणते, अगं ते काय औषध आहे का, झाडपालाच तर आहे, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं.

मला तिला दुखवायचं नाहीये. तिचा विश्वास आहे आणि आमच्या घरात आजीच्या बटव्यावर आम्ही सगळेच वाढलोय. पण गेले काही आठवडे भूक लागत नाही म्हणते, थकवा आहे, आणि फोनवर आवाज पण ओढलेला वाटतो. वयामुळे असेल, शुगरमुळे असेल, की या सगळ्यामुळे? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज. या वनस्पतींचा खरंच किती फायदा असतो, आणि काढा घेणं आणि एक्स्ट्रॅक्टची कॅप्सूल घेणं यात फरक पडतो का?

माळरान_अण्णा

ताई घाबरू नका. आमच्याकडे जत भागात लिंबाच्या झाडावरची गुळवेल पिढ्यान् पिढ्या वापरतात, ताप आला की बोटभर कांडं ठेचून रात्रभर पाण्यात आणि सकाळी गाळून प्यायचं, माझ्या आजीने आम्हा सगळ्या भावंडांना हेच दिलं आणि कोणाला काही झालं नाही. उगाच गोळ्यांच्या कंपन्या आपल्या झाडपाल्याला बदनाम करतात असं मला वाटतं. आपल्या मातीत आलेली वस्तू आहे, ती अपाय कशाला करेल?

केमिस्ट_कोल्हापूर

अण्णा, तुमच्या आजीचं कांडं आणि सईताईंच्या आईची बाटली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तोच आधी सांगतो. तुमच्याकडे ताप असेपर्यंत तीन-चार दिवस दिलं आणि बंद केलं. इथे वर्षानुवर्षं रोज चालू आहे, सोबत आणखी चार वनस्पती आणि चार ॲलोपॅथीच्या गोळ्या. माझं मेडिकल आहे, काउंटरवर रोज हेच बघतो, म्हणून जरा मोठं लिहितो.

पहिल्यांदा एक मनापासून सांगतो, झाडपाल्यात ताकद नाही असं म्हणणाऱ्यातला मी नाही. उलट ताकद आहे म्हणूनच जपायचं. कफ सिरपमधलं ब्रोमहेक्झिन आहे ना, ते आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बनवलंय. ब्लड कॅन्सरचं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून येतं, तीच कुंपणाला असते ती. कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य 1966 साली अमेरिकेत वेगळं काढलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, आणि वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. त्याच द्रव्यावरून पुढे कॅन्सरची दोन महत्त्वाची औषधं आली, आणि ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडातही भरपूर सापडतं, म्हणून तर सातारा-कोल्हापूरच्या जंगलात नरक्याची चोरटी तोड झाली. आता सांगा, कॅन्सरची पेशी मारणारं द्रव्य ज्या झाडात आहे ते "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून कोणी रोज घेईल का?

सर्पगंधाचं उदाहरण तर आपल्या मुंबईचंच. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या पेशंट्सना सर्पगंधा देऊन तपासलं आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, सगळ्या जगाने त्याची दखल घेतली. पुढे 1952 मध्ये त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं, बीपीवर खूप वापरलं गेलं. पण काही पेशंट्स त्याने उदास व्हायला लागले, डोस वाढला की जास्त, म्हणून हळूहळू मागे पडलं. फायदा आणि अपाय दोन्ही त्याच एका मुळातून आले.

आता काढा आणि एक्स्ट्रॅक्ट. हळदीचा हिशोब करून बघा. हळकुंडात कर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं. आमटीत चमचाभर हळद घातली आणि ती चार जणांत वाटली तर एकाच्या पोटात कर्क्युमिन जेमतेम 20-30 मिलिग्रॅम जातं, आणि तेही शरीर फारसं शोषून घेत नाही. 95 टक्केवाली 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे 475 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ 15-16 ग्रॅम हळदीतलं सगळं कर्क्युमिन एका घोटात. वर त्यात पायपरीन, म्हणजे मिरीतलं द्रव्य, ते मुद्दाम घालतात कारण 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की माणसांत पायपरीनसोबत कर्क्युमिनचं शोषण 2000 टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हाच आकडा मिरवतात. पण पायपरीन फक्त हळदीचंच शोषण वाढवत नाही, ते लिव्हरमधली औषधं मोडणारी यंत्रणाच मंदावतं, त्यामुळे दुसऱ्या काही गोळ्याही रक्तात जास्त वेळ राहू शकतात. फिट्सचं फेनिटॉइन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल यांच्याबाबतीत हे दिसलेलं आहे. अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूल घेऊन लिव्हरला सूज आलेल्यांच्या केसेस 2022 मध्ये छापून आल्यात, त्यातल्या काही कॅप्सूलमध्ये पायपरीन सापडलं. फोडणीतल्या हळदीने असं झाल्याचं मी कधी वाचलं नाही. गुडघेदुखीवर कर्क्युमिनचा थोडा उपयोग होतो असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, ते मी नाकारत नाही, पण ही कॅप्सूल औषध समजूनच घ्यायला हवी.

ताई, आईंची औषधं बघून मला तीन ठिकाणी काळजी वाटते. ग्लिमेपिराइडसोबत गुळवेल, दोन्ही साखर खाली आणतात, जेवायला उशीर झाला तर साखर एकदम उतरू शकते, घाम, थरथर, चक्कर असं काही होतं का विचारा. दुसरं, अश्वगंधा थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते, गोळी चालू असताना ती घेतली तर डोसचा अंदाज चुकतो. आणि ज्येष्ठमध! त्यातल्या ग्लिसिरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं. बीपी असलेल्या माणसाने रोज ज्येष्ठमध घेऊच नये. कदाचित बीपी "थोडं वर" आहे ते त्यामुळेच असेल.

भूक नाही आणि थकवा आहे म्हणताय, तर आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. लघवी गडद पिवळी होतेय का, डोळे पिवळे दिसतात का, अंगाला खाज येते का, हे आजच फोन करून विचारा, यातलं काही असेल तर उद्यावर टाकू नका.

माळरान_अण्णा

केमिस्ट साहेब, कर्क्युमिनचं पटलं, ती कॅप्सूल मी पण घेत नाही. पण गुळवेलीने लिव्हर खराब होतं हे मला अजून पटत नाही. आयुष मंत्रालयानेच सांगितलं होतं ना की गुळवेल सुरक्षित आहे म्हणून?

वैद्य_राजापूर

मी बीएएमएस, कोकणात प्रॅक्टिस करतो, गुळवेल रोज वापरतो. त्यामुळे माझं मत कोणी ॲलोपॅथीवाल्याचं समजू नका.

अण्णा, दोन्ही बाजू नीट बघू. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंट्सचा रिपोर्ट छापला, सगळे 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली आणि कावीळ होऊन आलेले, त्यातला एक दगावला. थायरॉईड आणि शुगर असलेले पेशंटही त्यात होते. पुढे 2022 मध्ये देशभरातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 पेशंट्सचा अभ्यास छापला. लिव्हरवर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच चाल करून गेल्यासारखं चित्र बऱ्याच जणांत दिसलं. बहुतेक जण गुळवेल थांबवल्यावर सावरले, काही नाही सावरले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित आहे, लोकांनी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल घेतली असू शकते असं सांगितलं, आणि दोघींतला फरकही जाहीर केला.

यात वनस्पती चुकीची होती की बरोबर वेलीनेच काहींना बाधलं, यावर वाद चालू राहील. पण पेशंटच्या दृष्टीने बघा. ज्याला थायरॉईडचा ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा, त्रास आहे त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून काहीही महिनोन् महिने का घ्यावं? आयुर्वेदात कुठे सांगितलंय की सगळ्यांनी एकच औषध, एकाच मात्रेत, कायमचं घ्या? आम्ही नाडी बघतो, अग्नी बघतो, ऋतू बघतो, वय बघतो, मग मात्रा आणि काळ ठरवतो. चूर्ण 3 ते 6 ग्रॅम, काढ्याला 20 ते 30 ग्रॅम वनस्पती, आणि तेही लक्षण जाईपर्यंत. कोरोनात व्हॉट्सॲपवरून जी गुळवेल वाटली गेली तिला मी आयुर्वेद म्हणणार नाही, आणि त्यातून जे झालं त्याचं खापर मात्र आमच्या शास्त्रावर फुटलं, याचं मला खूप वाईट वाटतं.

अश्वगंधाबद्दल पण. ताण आणि झोप यावर तिचा उपयोग होतो, छोट्या अभ्यासांत ते दिसलंय आणि माझ्या पेशंट्सना पण होतो. पण वापरायचं ते मूळ. पानांचा एक्स्ट्रॅक्ट स्वस्त पडतो म्हणून बाजारात मिसळला जातो, आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये पानं वापरू नका म्हणून सूचना काढली होती. डेन्मार्कने तर 2023 मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली, मला ती बंदी टोकाची वाटते, पण थायरॉईड आणि गरोदर बायकांबद्दल त्यांनी जी काळजी दाखवली ती योग्यच आहे. डबीवर "रूट एक्स्ट्रॅक्ट" लिहिलंय का बघा. आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना नंबर आहे की फक्त फूड सप्लिमेंटचा एफएसएसएआय नंबर आहे तेही बघा, दोन्हीचे नियम वेगळे असतात.

पाणंद

गुळवेल ओळखायची कशी त्यावर लिहितो, कारण परड्यात लावलीय आणि लोक येऊन कांड्या घेऊन जातात.

खरी गुळवेल जुनी झाली की अंगठ्याएवढी जाड होते, वरची साल कागदासारखी पातळ, नखाने खरवडली की सुटते आणि आत हिरवंगार दिसतं. आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. कांड्यावर बारीक ठिपके असतात पण हाताला चामखिळीसारखे मोठे फोड लागत नाहीत. क्रिस्पावर ते फोड ठळक असतात, खोड करड्या रंगाचं, आणि तोडली की दुधासारखा चीक येतो. गुळवेलीला तसा चीक येत नाही. फळं पिकली की गुळवेलीची लालचुटुक आणि गोल, क्रिस्पाची केशरी आणि लांबट. पानं मात्र दोघींची बदामाच्या आकाराची असतात, म्हणून नुसत्या पानांवर भरवसा ठेवू नका, नर्सरीवालेही फसतात.

आणि ज्यांना गुळवेल सत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी. ताजं जाड कांडं घ्यायचं, साल काढायची, बोटभर तुकडे करून खलबत्त्यात ठेचायचं, पाण्यात रात्रभर भिजवायचं. सकाळी हाताने कुस्करायचं, खूप फेस येतो, हाताला बुळबुळीत लागतं. फडक्यातून गाळून पातेलं न हलवता ठेवून द्यायचं. काही तासांनी वर हिरवट कडू पाणी आणि तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी हलकेच ओतून द्यायचं, साक्यावर परत स्वच्छ पाणी, परत निवळायचं, आणि पांढराशुभ्र झाला की सावलीत वाळवायचा. किलोभर कांड्यातून मूठभर निघालं तरी खूप झालं. हे बहुतेक स्टार्चच असतं, कडूपणा जवळजवळ नाही. बाजारात ढीगभर सत्त्व स्वस्तात मिळतं तेव्हा मला नेहमी शंका येते की हे खरंच गुळवेलीचं आहे का.

सईताई, बाटलीतल्या ज्यूसमध्ये कुठली वेल, कुठला भाग, किती जुनी, हे तुम्ही-आम्ही कसं ओळखणार? काहीच दिसत नाही.

ऋता_नाशिक

मी फक्त एवढंच सांगायला आले की एलएफटी लांबवू नका. माझ्या मावशीला असंच भूक न लागणं आणि मळमळ यापासून सुरू झालं होतं, सगळ्यांना वाटलं पित्त आहे. ती वजन कमी करायला ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या ऑनलाइन मागवून घेत होती, चहा नाही बरं का, एक्स्ट्रॅक्ट. कावीळ झाली, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य) खूप वाढलं, ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं दुसरं काही घेता का आणि तिने तीनदा नाही सांगितलं, कारण तिच्या मते ते औषध नव्हतंच. शेवटी मामेभावाला कपाटात डबी सापडली. गोळ्या थांबल्या आणि ती सावरली. म्हणून आईंना विचारताना "औषध घेतेस का" असं विचारू नका, "सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय टाकतेस ते दाखव" असं म्हणा, आणि सगळ्या डब्या-बाटल्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा.

सई_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार, खूपच आधार वाटला. वीकेंडला सांगलीला जाऊन आले. ऋताताई, तुमची पिशवीची आयडिया केली. टेबलावर एकेक डबी काढली तेव्हा आईलाच नवल वाटलं की आपण एवढं सगळं घेतो! डॉक्टरांनी रागावायच्या ऐवजी शांतपणे सगळी लेबलं वाचली, ते मला फार आवडलं. एलएफटी केली, त्यातलं एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढलेलं आलंय, नॉर्मलच्या दुपटीच्या थोडं वर, बिलिरुबिन मात्र ठीक आहे. गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा तिन्ही बंद करायला सांगितलंय, ज्येष्ठमध पण बंद, आणि महिन्याभराने परत टेस्ट. थायरॉईडची पण टेस्ट परत लावलीय. नेमकं कशामुळे वाढलं हे लगेच सांगता येणार नाही म्हणाले, शुगरवाल्यांना फॅटी लिव्हर पण असतं, म्हणून सोनोग्राफी पण सांगितलीय.

आईला मी वैद्यांचं उत्तर वाचून दाखवलं, माझं ऐकलं नसतं पण आयुर्वेदवाल्यांनीच सांगितलंय म्हटल्यावर ऐकलं. फक्त हिरमुसलीये की आता काहीच घ्यायचं नाही का. आणि इसबगोलचं विचारायचं राहिलंच, ते चालू ठेवू ना?

वैद्य_राजापूर

आईंना सांगा, स्वयंपाकातलं काहीच बंद नाही. आमटीतली हळद, आलं, ओवा, जिरं, कोकम, मेथीची भाजी, गवती चहा, सगळं घरच्या मापात चालू दे. गुडघ्याला कोमट तिळाचं तेल चोळा आणि शेक द्या. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर झोपेसाठी काही द्यायचं का ते एखाद्या चांगल्या वैद्याला आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांना दाखवून ठरवा, तेव्हाही एका वेळी एकच औषध, म्हणजे बाधलं तर कशाने बाधलं ते कळेल.

केमिस्ट_कोल्हापूर

इसबगोल खुशाल चालू ठेवा, पोटासाठी चांगलंच आहे, कोलेस्टेरॉल आणि साखरेलाही थोडी मदत होते. ग्लासभर पाण्यासोबत घ्यायला सांगा, कोरडं गिळायचं नाही. फक्त थायरॉईडच्या गोळीपासून 4 तास लांब, कारण ते गोळीला आतड्यात धरून ठेवतं. रात्री घेतात तर प्रश्नच नाही. आणि सकाळची थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, त्यावर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नको. इतके दिवस त्या गोळीवर लगेच ज्यूस पीत होत्या, तेव्हा ज्यूस थांबल्यावर डोस बदलावा लागू शकतो, थायरॉईडची टेस्ट लगेच न करता साधारण सहा आठवड्यांनी करावी का ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

माळरान_अण्णा

ताई, रिपोर्ट आला की इथे नक्की कळवा. मी पण घरी बायकोची बीपीची गोळी आणि ज्येष्ठमध एकत्र चालू आहे ते आज थांबवलं, म्हणजे ज्येष्ठमध थांबवलं, गोळी नाही.